हयूमामाची व्यायामशाया

हयूमामाला घाई झालेली मी कधी पाहिली नाही. कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा वाजला, बाकीचे हमाल फाटकाकडं धावत सुटले, तरी हा गडी चपलेत अंगठा नीट बसवून मगच पाऊल उचलायचा. चहा बशीत ओतला की आधी त्याच्याकडं बघायचा, मग फुंकायचा, मग पुन्हा बघायचा. समोरचा माणूस वैतागून जायचा. "पी ना बाप्पा, चाय थंडी होऊन राह्यली," असं कोणी म्हणालं की शांतपणे सांगायचा, "होऊ दे. थंडी झाली तरी चायच राह्यते, पाणी नाई होत." पण याच माणसाच्या पाठीवर कापसाचा बोजा चढला आणि तो फळीवरून वर निघाला, की खालची माणसं बोलणं थांबवून बघत राहायची. त्याचं पाऊल कधी सटकलं नाही आणि बोजा कधी कलला नाही.

त्याचं खरं नाव देवाजी. ते रेशनकार्डापुरतं. अख्ख्या सेलूत तो हयूमामा. हयू म्हणजे हळू. आमच्या बोलीत ळ चा य होतो. डोळे म्हणजे डोये, शाळा म्हणजे शाया आणि पळणं म्हणजे पयणं. आम्ही पोरं दात-ओठ खाऊन वजन वर फेकायचो तेव्हा तो कोपऱ्यातून म्हणायचा, "हयू रे पोट्टेहो, हयू! वजन काई पयून नाई चाललं." आणि मामा तो माझ्यामुळं झाला. माझ्या आईचं माहेर हिंगणी, तोही हिंगणीचा. आईच्या गावचा माणूस म्हणून मी त्याला मामा म्हणायचो, माझं ऐकून सगळा वॉर्ड म्हणायला लागला. पण भाच्या म्हणून हाक फक्त मला होती. बाकीचे सगळे पोट्टेहो. या गोष्टीचा मला त्या वयात केवढा तोरा होता म्हणून सांगू!

आमच्या वॉर्डातल्या विहाराच्या मागं टिनाच्या छपराची एक लांब खोली होती. ती वॉर्डातल्या लोकांनीच बांधलेली. कोणी विटा दिल्या, कोणी टिनं, आणि ज्यांच्याकडं द्यायला काही नव्हतं त्यांनी हात दिले. मामा ड्युटी संपली की तिथं येऊन गारा कालवायचा. सामान म्हणाल तर दोन जोड्या मुद्गल, एक तडा गेलेला आरसा, आणि तेलाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट ओतून मधे लोखंडी पाइप घातलेली वजनं. दोन डबे कधीच सारखे भरले जायचे नाहीत, त्यामुळं पाइप एका बाजूला झुकायचा. मामा म्हणायचा, "झुकते तर झुकू दे. तू सरय राह्य." सकाळी पाच वाजता तो कुलूप उघडायचा, झाडू स्वतः मारायचा, आणि भिजवलेल्या चण्याचा गंज, म्हणजे पातेलं, खिडकीत ठेवायचा. आठ वाजता जिनिंगला. कापसाची रुई त्याच्या भुवयांत कायमची अडकलेली असायची, धुतली तरी जायची नाही.

शिकवायची त्याची तऱ्हा निराळी होती. ओरडणं नाही, शिवीगाळ नाही. बैठका मारताना तो मागं येऊन उभा राहायचा आणि दोन बोटं कण्यावर टेकवायचा, बस. बोटं टेकली की पाठ आपोआप सरळ व्हायची. चूक काय झाली हे तो फार सांगत नसे. "अंगाले समजते," एवढंच. मी पुढं आयुष्यभर मास्तरकी केली. वर्गात घसा फोडफोडून शिकवलं, लाल शाईनं वह्याच्या वह्या रंगवल्या. त्या दोन बोटांइतकं मला कधी काही शिकवता आलं नाही.

आणि त्याचा एक कायदा होता. खाडा झालेल्या माणसाला कोणी काही विचारायचं नाही. पंधरा दिवस, महिना, सहा महिने दांडी मारून माणूस परत आला की पोरांना चेव यायचा. काय हो शेठ, वाट चुकले का? रस्ता सापडला का? मामा तिथल्या तिथं थांबवायचा. "चूप रे. काऊन आला नाई हे इचारू नका. आला न? झालं." मला मॅट्रिकच्या वर्षी टायफॉइड झाला होता. दोन महिन्यांनी काडी होऊन गेलो. सदरा काढायची लाज वाटत होती. दाराशी घुटमळत होतो तर मामानं वरही न बघता म्हटलं, "चपला बाहेर काढ भाच्या. दहा बैठका. हयू." जसा काही मी कालच येऊन गेलो होतो. तिथंच डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

स्वतः तो दुसरी शिकलेला. सही करायचा, तीही हयू. शिकणाऱ्या पोरांचं मात्र त्याला भारी अप्रूप. पेपरच्या दिवसांत तो आम्हाला व्यायामशाळेतून अक्षरशः हाकलायचा. "जा घरी. अंग उद्याबी हाय, पेपर उद्या नाई." मी मराठी घेऊन एम. ए. झालो, वॉर्डातला पहिला. त्या दिवशी मामानं जिनिंगमधल्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं म्हणे, "आपला भाचा मराठीत एमे झाला." एकानं विचारलं, "मराठी तं आपल्यालेबी येते, त्यात काय एमे?" मामा चिडला. आयुष्यात पहिल्यांदा. "तुले येते थे बोलनं हाय बे. त्याले येते थे मराठी हाय."

मला हे कोणीतरी हसत हसत सांगितलं आणि मीही हसलो. आता आठवलं की हसू येत नाही. असो.

त्याच वर्षी कुठल्याशा निधीतून आमच्या व्यायामशाळेला खरी लोखंडी वजनं मिळाली, एक बेंच मिळाला, आणि उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे ठरले. सूत्रसंचालन माझ्याकडं. एमे ना मी! दारावर पाटीही नवी लागणार होती. पाटीचा मजकूर मी कागदावर लिहून पेंटरला द्यायचा, असं मामानं मला आठ दिवस आधी सांगितलं होतं. "तुह्या हातचं लिवून दे भाच्या. शुद्ध पाह्यजे." देतो म्हणालो आणि मित्रांबरोबर नागपूरला निघून गेलो. तीन दिवस तिकडंच. इकडं पेंटर खोळंबला. हा पेंटर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं नावं टाकणारा आमच्याच वॉर्डातला माणूस, शिक्षण मामाएवढंच. शेवटी मामानं तोंडानं सांगितलं आणि त्यानं ऐकलं तसं लिहिलं. निळ्या पाटीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत, 'व्यायामशाया, वॉर्ड नंबर चार'.

मी ती पाटी कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी पाहिली. काय करायला हवं होतं? पेंटरला बोलावून एक अक्षर बदलायला दहा मिनिटं लागली नसती. चूक माझी होती, कागद मी दिला नव्हता. पण मला काय सुचलं माहीत आहे? विनोद सुचला. पाहुणे बसले, हार झाले, मी माईक हातात घेतला आणि माझ्या घोटीव मराठीत म्हणालो, "मान्यवरहो, दारावरची पाटी आपण वाचलीच असेल. ही व्यायामशाळा नाही, व्यायामशाया आहे. आमचे मामा एरवी एकही खाडा करत नाहीत, पण त्यांच्या तोंडात ळ या अक्षराचा मात्र कायमचा खाडा आहे."

पाहुणे खो खो हसले. पाहुणे हसले म्हणून सगळे हसले. मामा हारांचं ताट हातात घेऊन माझ्या बाजूलाच उभा होता. तोही हसला. नंतर पाहुण्यांनी भाषणात तीन वेळा 'शाया' म्हणून टाळ्या घेतल्या. खाली उतरल्यावर त्यांनी माझी पाठ थोपटली आणि तुमच्यासारखी मुलं हवीत म्हणाले. मी हवेत. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "तू हसवलं खरं, पण देवाजीभाऊ जेवले नाई रे तिथं. तसेच गेले." मी म्हणालो, "त्यांना काही वाटलं नाही गं, हसले ते." आणि ढाराढूर झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा पाटीवरचा य खरवडून काढलेला होता. ब्लेडनं खरवडला असावा, निळा रंगही निघाला होता. दोन दिवसांनी पेंटरनं तिथं ळ बसवला. जागा कमी होती, अक्षर मोठं झालं, बाकीच्या अक्षरांत तो ळ डोकं वर काढून उभा राहिला. पण खरं ते पुढंच आहे. त्या सकाळी मी बैठका सुरू केल्या. मामा माझ्या मागं आला. बोटं टेकतील म्हणून मी पाठ ताठ केली. बोटं टेकलीच नाहीत. तो थोडा लांब उभा राहिला आणि घसा साफ करून म्हणाला, "सर, पाळ सरळ ठेवा."

मला कळेना. "पाळ? कुठली पाळ?"

"पाळ." त्यानं माझ्या पोटरीकडं बोट दाखवलं. "हे. पाळ."

पाय! त्याला पाय म्हणायचं होतं. रात्रभर विचार करून त्यानं ठरवलं असणार, की आपल्या तोंडात जिथं जिथं य येतो तिथं शिकलेली माणसं ळ म्हणतात. म्हणून माझ्याशी बोलताना तो प्रत्येक य पकडून ळ करत होता. व्यायाम झाल्यावर त्यानं विचारलं, "चाळ घेता का सर?" पोरं तोंडं फिरवून हसू दाबत होती. आणि मी कोण, भाच्या नाही, सर!

त्या क्षणी मला त्याच्या पायावर डोकं ठेवता आलं असतं. मामा, असं नका करू, तुम्ही बोलता तेच बोला, असं म्हणता आलं असतं. मी काय म्हणालो? मास्तरकी अजून लागायची होती, तरी मास्तरच झालो. "पाय, मामा, पाय. तिथं ळ नसतो. सगळीकडं नाही लावायचा तो." त्यानं मान डोलावली. शाळेतल्या पोरासारखी. त्यानंतर तो माझ्याशी जवळजवळ बोलायचाच बंद झाला. मी आलो की झाडू घेऊन बाहेरचं अंगण झाडायला निघून जायचा.

मग माझे खाडे सुरू झाले. आज सर्दी, उद्या पाहुणे, परवा मुलाखत. दोन महिन्यांत नाशिककडं एका कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली आणि सुंठीवाचून खोकला गेला. जाताना मामाला भेटलो नाही. पुढं सुट्ट्यांत सेलूला यायचो तेव्हा विहारात पुढच्या दारानं जायचो, पुढच्या दारानंच परत यायचो. मागच्या बाजूला वजनांचा आवाज यायचा, "हयू रे!" ऐकू यायचं. आई म्हणायची, जाऊन तर ये एकदा. जातो म्हणायचो. अशी बावीस वर्षं काढली मी. बावीस वर्षांचा खाडा! सगळ्यांना माफी असलेल्या त्या दारात जायला मला एकट्याला तोंड नव्हतं.

शेवटी साखरेनं धाडलं. बदली होऊन सेलूलाच आलो होतो, आई गेली होती, घर आमचंच होतं. बुटाची नाडी बांधायला वाकलो की फुसफुस व्हायची. वर्ध्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "सर, गोळ्या मी देतो, पण घाम तुम्हालाच काढावा लागेल." बायको म्हणाली, "लहानपणी तुम्ही फार व्यायाम करायचे ना, मग जा ना त्या मामांकडं. दहा पावलांवर तर आहे." दहा पावलं! तिला काय सांगू.

गेलो एकदाचा. सकाळची वेळ, विहारात वंदना सुरू झाली होती. टिनाची खोली जाऊन स्लॅब आला होता, ट्यूबलाइट होती, भिंतभर आरसे होते. दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर मामा बसला होता. भुवया आता रुईशिवायच पांढऱ्या. एका पोराला सांगत होता, "हयू कर बे, हयू! पाठ मोडन तं तुही माय मले बोलन." मी दाराशी थांबलो. मनात नुसता धावा चालला होता, की मामा, आता म्हण. चपला बाहेर काढ म्हण. दहा बैठका म्हण.

मामानं वर पाहिलं. ओळखलं. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं ती खुर्ची पुसली आणि माझ्यापुढं सरकवली.

"या सर. बसा. खूप वर्षांनी आलात. पाणी घेता का?"

एकही चूक नाही. मी बसलो नाही. नको मामा, व्यायामाला आलोय म्हणालो आणि कोपऱ्यात जाऊन बैठका मारायला लागलो. सातव्या बैठकीला मांड्या थरथरल्या, नवव्याला डोळ्यांपुढं अंधारी आली. मागं पावलं वाजली. थोड्या अंतरावर थांबली. "हळू करा, सर," तो म्हणाला. "हळू." स्वच्छ ळ होता तो. जीभ मागं वळवून, टाळूला लावून काढलेला. मी मराठीचा मास्तर आहे, हे अक्षर ज्याच्या तोंडात नाही त्याला ते आणायला किती घासावं लागतं ते मला माहीत आहे. वर्गातल्या चांगल्या चांगल्या पोरांना वर्षभरात जमत नाही. हे या म्हाताऱ्यानं कधी केलं असेल, कोणासमोर बसून केलं असेल, की बोजा पाठीवर घेऊन फळी चढता चढता एकट्यानंच?

मी रोज जायला लागलो. शरीर सुधारायला लागलं, साखर उतरली, पण मला हवं होतं ते वेगळंच. मला त्याच्या तोंडून एकदा भाच्या ऐकायचं होतं, एकदा हयू ऐकायचं होतं. पोरांना तो दिवसभर ते फुकटात वाटत होता. माझ्याकडं वळला की चेहरा सावध व्हायचा, मान किंचित झुकायची, आणि पुस्तकातली वाक्यं यायची. एक दिवस मी म्हटलं आपणच सुरुवात करू. "मामा," मी म्हणालो, "पाहा न जरा. माहं चुकून राह्यलं का? पाय बराबर हाय का?" बाजूची दोन पोरं फिसकन हसली. सर नक्कल करून राह्यले, असं त्यांना वाटलं. मामाचा चेहरा उतरला.

"थट्टा नका करू सर," तो हळूच म्हणाला. "आता वय झालं आमचं."

देवा रे! मला तिथल्या तिथं जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. माझीच बोली, माझ्या आईची बोली, आणि ती माझ्या तोंडून निघाली तर नक्कल ठरली. चूक त्या पोरांची नव्हती आणि मामाची तर नव्हतीच.

त्या रविवारी पोरं गेल्यावर मी थांबलो. मामा चण्याचा गंज धूत होता. मी सरळ म्हणालो, "मामा, त्या कार्यक्रमाच्या दिवशी माझं चुकलं. पाटीचा कागद मी द्यायचा होता, मी दिला नाही. आणि वर चार लोकांत तुमची टिंगल केली. बावीस वर्षं मी याच लाजेनं आलो नाही. मला माफ करा."

मामानं गंज पालथा घातला, हात पुसले. सगळं सावकाश. मग खरोखर आश्चर्यानं माझ्याकडं पाहिलं. "चुकलं? नाही हो सर! तुम्हीच तर माझे डोळे उघडले. त्या दिवशी लोक हसले नसते तर मी तसाच राहिलो असतो." आणि मग त्याचा चेहरा खुलला, इतक्या महिन्यांत माझ्यासमोर पहिल्यांदा. "आमची नात आहे ना, प्रज्ञा, नववीत आहे. भाषणाच्या स्पर्धेत तालुक्यात पहिली आली. एक शब्द वाकडा येत नाही तिच्या तोंडात. का, सांगू? ती बोलायला लागली तेव्हापासून मी तिच्यासमोर बोलतच नाही. हूं म्हणतो, नाही म्हणतो, मान हलवतो. आपली बोली तिला लागायला नको. सून म्हणते, बाबा, घरात मुके होऊन का बसता? मी म्हणतो, असू दे. पोर पुढं जाईल."

तो अभिमानानं सांगत होता. मी माफी मागायला गेलो होतो आणि त्यानं माझे आभार मानले. बारा-तेरा वर्षं एका माणसानं आपल्या नातवंडाला एक गोष्ट सांगितली नाही, एक अंगाई म्हटली नाही, आणि तो त्याला माझा उपकार समजत होता. मी फक्त म्हणालो, "तिच्याशी बोला हो मामा. काही बिघडत नाही." तो हसला. तुमचं मन मोठं आहे सर, म्हणाला. माझं मन मोठं!

त्या हिवाळ्यात मामा गेला. फार आजार नाही, दोन दिवस छाती भरली, तिसऱ्या दिवशी सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत थांबला नाही. त्या एका वेळी त्यानं घाई केली. सगळं सेलू लोटलं होतं. जिनिंगचे म्हातारे हमाल, व्यायामशाळेतून पोलीस झालेली पोरं, सगळी. जो तो त्याची वाक्यं आठवून रडता रडता हसत होता. थो असा म्हणे, थो तसा म्हणे. मी एका बाजूला उभा राहून ऐकत होतो. माझ्याजवळ सांगण्यासारखं जे होतं ते बावीस वर्षांपूर्वीचं.

चारेक दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. सुनेनं पाणी दिलं, चहा ठेवायला आत गेली. प्रज्ञा वही-पेन घेऊन माझ्यासमोर बसली. दोन वेण्या, मोठे डोळे, मामाचंच कपाळ. विहारात मामाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि आजोबांवर तिनंच बोलावं असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

"सर, मला तुमची मदत हवी आहे," ती म्हणाली. "आजोबांविषयी लिहायला बसले, पण मला काही सुचतच नाही. ते घरी कधी बोलायचेच नाहीत. व्यायामशाळेतले दादा म्हणतात, आजोबा सगळ्यांना फार हसवायचे. खरं का हो? मला तर त्यांनी एकदाही हसवलं नाही."

मग मी तिला सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. कागद न देता नागपूरला गेलो ते, माईकवर बोललो ते, पाळ आणि चाळ, आणि तिच्या आजोबांनी तिच्यासमोर तोंड का मिटून घेतलं ते. मला वाटलं, ही पोर आता उठून जाईल. जायलाच हवं होतं तिनं. ती मान तिरपी करून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली,

"पण सर, तुमचं बरोबरच होतं ना? शुद्ध शब्द 'शाळा' हाच आहे."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तिनं समाधानानं मान हलवली, वही मांडीवर घेतली आणि सुरेख अक्षरांत पहिलं वाक्य लिहिलं. मग वही माझ्यापुढं धरली. तपासाल का, म्हणाली.

'माझे आजोबा फार कमी बोलत, परंतु जे बोलत ते शुद्ध बोलत.'

मी ते दोनदा वाचलं. त्यात एकही चूक नव्हती.